राजी नव्हती

आमच्या घरात दोन गळ्यांची अडचण होती. आजीचा निघत नसे आणि माझा थांबत नसे. आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. दीक्षेनंतर गाव सोडून ती नागपूरला आली, जरीपटक्याच्या अलीकडे आमच्या वस्तीत बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली, आणि तंबाखूच्या भुकटीनं वर्षावर्षानं तिचा आवाज खाल्ला. मी जाणती झाले तोवर तिच्या गळ्यातून नुसती खरखर यायची. मला हाक मारायची असली की ती पानं कापायची कातरी सुपाच्या काठावर वाजवायची. तीन वेळा टकटक झालं की त्याचा अर्थ ‘कुंदे, इकडे ये.’ माझं उलटं होतं. मी घरात साधं ‘भूक लागली’ म्हटलं तरी तिसऱ्या घरातली काकू विचारायची, ‘काहून वं, जेवली नाही काय अजून?’ जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा द्यायला सगळे मला पुढे काढायचे, पण घरी आलं की मायचं एकच पालुपद: ‘हळू बोल वं पोट्टी. भिताडालेही कान असतात.’ मला तेव्हाही वाटायचं आणि आता साठी उलटल्यावरही वाटतं, की भिंतीला कान असतीलच तर तिलाही ऐकू गेलेलं बरं.

बाबा मोटारमिस्त्री होते. एका सिंधी शेटच्या गॅरेजात इंजिनाचं सगळं काम त्यांच्याकडे असे. संध्याकाळी घरी आले की आधी रॉकेल, मग धुण्याचा सोडा, मग साबण, अशा तीन धुण्यांनंतर त्यांचे हात ताटाजवळ यायचे, तरी भाकरीला ऑइलचा वास लागायचाच. तो वास आम्हाला इतका अंगवळणी पडला होता की मावशीकडे जेवायला गेलं की तिथली भाकर मला अळणी लागायची. इंजिनात काय बिघडलं ते शोधायची त्यांची एक पद्धत होती. लांब पेचकसाचं टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, ‘दुसऱ्या पिस्टनले त्रास हाय.’ आणि खरंच असायचा. लोखंडाचं दुखणं ज्यांना एवढं ऐकू यायचं, त्या माझ्या बाबांना स्वतःच्या आईच्या मनातलं एक वाक्य अठरा वर्षं ऐकू आलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. कारण मी तर त्याहून वाईट वागले, आणि तेच इथं सांगायचं आहे.

इंजिन उघडून नवे पिस्टन बसवले की गाडी पहिले काही शे किलोमीटर अगदी हळू चालवावी लागे. किलोमीटरच्या काट्यानं तिशीच्या पुढे जायचं नाही. मागच्या काचेवर पांढऱ्या रंगानं ‘रनिंग इन’ लिहायचं, म्हणजे मागचे लोक हॉर्न वाजवून जीव खात नाहीत. ‘नवी सून अन् नवे पिस्टन, पहिल्या दिवशी दामटायचे नसतात,’ असं बाबा म्हणायचे आणि माय तोंड फिरवून हसायची. त्या हिवाळ्यात शेटच्या स्वतःच्या काळ्या अँबेसिडरचं काम निघालं. गाडी रोज कामठी रोडवर रिकामी फिरवताना पाहून शेट एक दिवस म्हणाला, ‘मिस्त्री, खाली गाड़ी क्यों घुमाते हो? इतवार को बच्चों को घुमा लाओ.’ बाबा घरी आले ते शिट्टी वाजवतच. कुठं जायचं यावर मग रात्रभर काथ्याकूट. माझी धाकटी बहीण शालू रामटेकला चला म्हणून हट्ट धरून बसली, माय म्हणाली, ‘कुठंही चला, पण चूल पेटवायला लावू नका.’ तेवढ्यात कोपऱ्यातून कातरी वाजली. आजी म्हणाली, ‘करंजगडले चला. या रविवारी नाही. संक्रांत झाली की मंगच्या रविवारी.’

करंजगड म्हणजे आजीचं सासर, सावनेरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला. किल्ला म्हणायचा म्हणून म्हणायचा. चार बुरूज, पडकी तटबंदी आणि करंजाची झाडी. तो कोणी बांधला यावर गावात कधी एकमत झालं नाही. कोणी गोंड राजाचा म्हणे, कोणी मराठ्यांच्या सरदाराचा, कोणी सांगे की त्याच्याही आधीचा आहे. पूर्वेच्या बुरुजाबद्दल मात्र सगळ्यांचं एक. तो बुरूज म्हणे दर पावसाळ्यात खचायचा. मग कोण्या जाणत्यानं सांगितलं, की पायात जितं माणूस पाहिजे, आणि ते दरवाजा राखणाऱ्या घरची थोरली सून पाहिजे. दरवाजा राखणारं घर आमचं, म्हणजे सूनही आमची. तिला उभी करून वरून दगड रचले आणि बुरूज पुन्हा पडला नाही. गाव तिला बुरूजमाय म्हणतं. संक्रांतीनंतरच्या रविवारी तिची जत्रा भरायची, आणि त्या दिवशी आमच्या घरच्या थोरल्या सुनेचा मान असायचा. पाटील तिला हिरवं लुगडं देणार, तिनं ते पदरात झेलायचं आणि बुरुजाकडे तोंड करून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा म्हणायचं, ‘राजी होती.’ म्हणजे गेली ती खुशीनं गेली, कोणी ढकलली नाही. तेवढं ऐकलं की गाव वर्षभर सुखानं झोपायला मोकळं. वर्षाचे बाकीचे दिवस जिची सावली नको, तिचा त्या दिवशी मान! सासू गेल्यापासून दीक्षेपर्यंत आजीनं तो एकवीस वर्षं घेतला.

दीक्षा घेतली त्या वर्षी बाबा तरणेबांड होते. त्यांनी पाटलाच्या ओसरीसमोर उभं राहून सांगितलं, ‘आमच्या घरची बाई यापुढे येणार नाही.’ मग गाव सुटलं, नागपूर आलं, गॅरेज आलं. ही गोष्ट बाबा आम्हाला इतक्यांदा सांगत, की शालूला ती बोबड्या बोलात पाठ होती. गोष्टीचा शेवट ठरलेला असे: ‘आपण सोडलं अन् जत्रा बंद पडली.’ हे म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. घरात देव नव्हता, ओटी नव्हती, दारावर लिंबू-मिरची नव्हती. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती, आणि संपलं. मी तर बाबांच्या वरताण होते. विहारात प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणणारी, आणि शेजारणीनं गणपतीचा प्रसाद दिला तर तिला दारातच चार गोष्टी ऐकवून परत पाठवणारी. तेरा वर्षांची होते मी. त्या वयात माणसाला सगळं कळतं. संक्रांतीनंतरचा रविवार म्हटल्यावर बाबांना संशय यायला हवा होता, पण जे बंद पडलं त्याची तिथी कोण लक्षात ठेवतो? उलट ते खूश झाले. ‘चला,’ म्हणाले, ‘पोट्टींले बापाचं गाव तरी दिसंल.’

त्या रविवारी माय पहाटेच उठली. ज्वारीच्या भाकरी, कोरडा झुणका, लाल मिरचीचा ठेचा, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. भाकरी थापल्याचा आवाज, त्यात बाबांचा बाहेरून ‘चला, चला’चा घोष आणि शेजारच्या कोंबड्याची बांग. सगळी वस्ती गाडी पाहायला जमली होती. मी भाकरीची टोपली उचलायला आत गेले तर आजी टोपलीच्या तळाशी काहीतरी सारत होती. पांढऱ्या फडक्यातून हिरवा काठ बाहेर आला होता. लुगडं, घडीही न मोडलेलं. मला पाहताच तिनं त्यावर भाकरी रचल्या आणि बोट ओठांवर ठेवलं. मी टोपली उचलली, पण डोक्यात भडका उडाला. आजी बुरूजमायची ओटी भरायला निघाली होती! बाबांच्या गाडीतून, बाबांच्या देखत!

रस्ता सुंदर होता, असं म्हणायला हवं. कोराडीपुढे धुकं उतरलेलं, दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा, झाडांना टेकू दिलेल्या फांद्या. काटा अठ्ठावीस-एकोणतीसवर. गावातून जाताना गाडी मंदावली की सायकलवाले आमच्या बरोबरीनं चालून आत डोकावत, एकानं तर शालूशी गप्पाही मारल्या. मागून ट्रक आला की बाबा हात काढून ‘जा गा बापा, जा’ करत. दर अर्ध्या तासानं गाडी थांबवून ते बॉनेट उघडत, पेचकस कानाला लावत आणि समाधानानं मान हलवत. माय संत्रं सोलून पुढे देत होती. आणि मी आजीच्या शेजारी फुगून बसले होते. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला तर मी मांडी सरकवली. सावनेरला चहाला थांबलो. बाबा टपरीशी उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले.

मी चुगली केली. एवढं वगळलं तर पुढचंही खरं राहणार नाही. मी म्हटलं, ‘बाबा, आजीनं टोपलीत हिरवं लुगडं आणलं आहे. बुरुजाले चढवायले.’ आणि माझा आवाज तो माझा आवाज, तो गाडीपर्यंत गेला. मायनं कपाळावर हात मारला. बाबांनी चहाचा ग्लास अर्धाच ठेवला, गाडीशी आले, टोपलीतून ते फडकं काढलं आणि आजीसमोर धरलं.

‘माय, हे काय होय?’

आजीनं फडक्याबाहेर आलेला काठ आत दुमडला.

‘अठरा वर्षं झाली आपल्याले. मी पाटलाच्या तोंडावर नाही म्हटलं ते याच्यासाठी काय? अन् तू लपून लुगडं घेऊन जाऊन राहिली?’

‘अहो, ऐका तरी त्यांचं,’ माय हळूच म्हणाली.

‘काय ऐकू? हे माझ्याजवळ राहीन. पाहायले आलो, पाहून परत जाऊ.’

फडकं त्यांनी काखेत मारलं. आजीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी उलट उत्तर दिलं असतं. पण ती नुसती पाहत राहिली, आणि मग खिडकीबाहेर. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. होय, वाटत होतं.

करंजगडचं वळण आलं आणि आधी ऐकू आला तो भोंगा. मग धूळ, मग बैलगाड्यांची रांग. फुगेवाले, आलुबोंड्यांच्या कढया, बांगड्यांची दुकानं, एक लाकडी पाळणा करकरत फिरतोय. बंद पडलेली ती जत्रा आमच्या समोर ऐन रंगात आली होती. बाबांनी गाडी करंजाखाली लावली आणि स्टिअरिंगवरचे हात न काढता बसून राहिले. ‘आज... आज होय काय तो रविवार?’ त्यांनी कोणालाच विचारल्यासारखं विचारलं. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. वर्षानुवर्षं छाती पुढे काढून सांगितलेली गोष्ट अशी पाळण्यात बसून गरागरा फिरताना पाहायची, म्हणजे काय ते मला आता कळतं. आजी तोवर दार उघडून उतरली होती. काठी टेकत ती गर्दीत शिरली, आणि आम्ही तिच्या मागं धावलो.

पूर्वेच्या बुरुजाखाली लोकांचं कडं होतं. मधे पाटील उभा, डोक्यावर पांढरी टोपी, दीक्षेच्या वेळचाच पाटील, फक्त आता मिशा पिकलेल्या. त्याच्यासमोर हिरवं लुगडं पदरात घेऊन एक बाई उभी होती. पंचविशीची असेल. आमच्या घराशी तिचं काही नातं नव्हतं. आमच्यानंतर गाव दरवर्षी कुठून तरी एक गरजू बाई बोलावून आणत होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बुरुजापुढे उभी राहणारी कोणीही चालत होती, तोंडातून ते शब्द निघाल्याशी मतलब. बाई बुरुजाकडे तोंड करून म्हणाली, ‘राजी होती.’ गर्दी गरजली. तिनं दुसऱ्यांदा म्हटलं, ‘राजी होती.’ तेवढ्यात आजी कडं फोडून आत गेली.

पाटलानं डोळे बारीक केले. ‘येसा होय काय वं? माय वं, इतक्या वर्षांनं! मानाची आठवण आली काय?’ मग लोकांकडे वळून, खुशीत: ‘अरे, खरी मानकरीण आली ना गा! लेकानं नेली होती शहरात, पण जीव इथंच अडकून राह्यला. तिसऱ्यांदा तूच म्हण, येसा. म्हण.’

मला वाटलं, झालं, आता आजी म्हणणार. आजीनं बुरुजाकडे तोंड केलं नाही. तिनं लोकांकडे तोंड केलं. मान वर केली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि त्या खरखरीतून, आम्ही पाच पावलांवर होतो म्हणून आम्हाला ऐकू आलं:

‘राजी नव्हती.’

मागच्या लोकांना काहीच कळलं नाही. पाटील हातभर अंतरावर होता, त्याला स्वच्छ ऐकू गेलं होतं. त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि ओरडला, ‘म्हटलं! म्हटलं गा बुढीनं! राजी होती!’ लोकांनी पुन्हा गर्जना केली. आजी मानेनं नाही-नाही करत राहिली, पुन्हा तोंड उघडलं तर नुसता खोकला आला. ती खोकत होती आणि भोवती लोक आनंदानं टाळ्या वाजवत होते. चीड मला पुढं आयुष्यात कितीदा आली असेल, पण त्या टाळ्यांची सर कशालाच नाही.

‘माय काय म्हणली?’ बाबांनी मायला विचारलं. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

माय, माझी भिंतीच्या कानांना भिणारी माय, पदर तोंडावरून काढून बोलू लागली. ‘नव्हती राजी. पुनी नाव होतं तिचं. दोनदा माहेरी पळून गेली होती, तान्हं लेकरू घेऊन. दोन्ही डाव धरून आणली. तिसऱ्यानं नवं हिरवं लुगडं दिलं अन् त्याच लुगड्यानं हात बांधले. घरच्या सासवा सुनांले सांगत येतात हे. मलेही मामींनंच, तुमच्या मायनं, सांगितलं, लग्न झालं त्या वर्षी. लेकांले कोणी सांगत नाही. लुगडं चढवायले नाही आणलं त्यांनी. वापस करायले आणलं. अन् तोंडानं म्हटलेलं वापस घ्यायले आल्या त्या.’

बाबांनी काखेतलं फडकं पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. गोष्ट एवढीच होती. एवढ्यासाठी आजीनं आपला रविवार निवडला होता, आणि मी सावनेरच्या टपरीवर तिची वाट अडवली होती. माझ्या दंडाला मायची बोटं रुतली. तिनं मला कड्याच्या आत ढकललं आणि म्हणाली, ‘बोल वं कुंदे. आज हळू नको बोलू.’

मी आजीच्या शेजारी जाऊन उभी राहिले. छातीत जेवढी हवा मावली तेवढी घेतली. ‘राजी नव्हती!’ माझा आवाज बुरुजाला आपटून परत आला. टाळ्या थांबल्या. भोंग्यावर कोणी तरी काही तरी बोलत होतं, तेही थांबलं. ‘पुनी राजी नव्हती!’ मी दुसऱ्यांदा ओरडले. ‘कोण होय गा ही पोट्टी? हाकला तिले,’ पाटील म्हणाला, पण तोवर बाबा माझ्या आणि त्याच्यामध्ये येऊन उभे राहिले होते. ते हात पुढे बांधून नुसते उभे राहिले. तिसऱ्यांदा मी ओरडले तेव्हा माझा गळा फाटला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि करंजाच्या झाडीतून बगळे उडाले. ‘राजी नव्हती! बांधून पुरली तिले!’

आजीनं बाबांच्या काखेतून फडकं काढून घेतलं. लुगडं उलगडलं, पाटलाच्या पायाशी ठेवलं. ‘शेवटचं होय,’ ती म्हणाली. ‘आमच्या घरी कोणी नेसलं नाही. बाकीची गोधडीत घातली.’ पाटलानं लुगड्याकडे पाहिलं नाही. त्या बाहेरून आणलेल्या बाईकडे वळून तो खेकसला, ‘तिसऱ्यांदा म्हण वं तू! म्हण लवकर!’ ती बाई माझ्याकडे पाहत होती. तिनं पदरातलं लुगडं हातात घेतलं, खाली ठेवलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. तिचं नाव मला माहीत नाही. पुढं मी खूप शोधलं, सापडली नाही. त्या वर्षी करंजगडात बुरुजाकडे तोंड करून ‘राजी होती’ दोनदाच म्हटलं गेलं.

मग काय व्हायचं ते झालं. पहिलं ढेकूळ मायच्या पाठीत बसलं. शिव्या आल्या, त्यातल्या बऱ्याच मला तेव्हा कळल्या नाहीत आणि ज्या कळल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. आम्ही गाडीपर्यंत आलो. शालू रडत होती. मला वाटलं बाबा आता गाडी भरधाव सोडतील. त्यांनी बॉनेट उघडलं. हो, ढेकळं येत असताना बॉनेट उघडलं, रेडिएटरचं पाणी पाहिलं, तेलाची कांडी काढून पुसली, पाहिली, परत घातली. मग स्टिअरिंगवर बसले आणि गाडी सुरू केली. पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी धावत होती, डिकीवर धपाधप ढेकळं पडत होती, मागच्या काचेवरच्या ‘रनिंग इन’वर चिखल बसला होता. काटा वीसवर, मग पंचवीसवर.

‘बाबा, पळवा ना!’ मी किंचाळले.

‘नवे पिस्टन हायेत,’ बाबा म्हणाले. ‘तीसच्या वर नाही.’

‘ते मारून राहिले आपल्याले!’

‘मारू दे. आपण काही चोरी करून नाही चाललो.’

आणि खरंच, गावाच्या शेवटच्या घरापर्यंत, वळणापर्यंत, पोरं दमून मागं पडेपर्यंत त्यांनी काटा तिशीच्या पुढे जाऊ दिला नाही. शेटनं नंतर पोचे पाहून विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘सेठ, रास्ता ख़राब था.’ पोचे त्यांनी स्वतः हातोडीनं काढले, तीन संध्याकाळ.

सावनेरच्या अलीकडे एका बागेच्या कडेला आम्ही थांबलो आणि भाकरी सोडल्या. कोणाला भूक नव्हती, पण मायनं ठेचा वाढला तशी सगळ्यांना लागली. बाबा म्हणाले, ‘मले काहून नाही सांगितलं माय?’ आजी भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, ‘गावावरून येणाऱ्यांकडून मले कळत होतं, पण तू बंद पाडलं म्हणत होता. केवढा आनंद होता तुले. कसं सांगू?’ बाबा उठून गाडीकडे गेले आणि बंद इंजिनाला पेचकस लावून बराच वेळ उभे राहिले. मी एका झाडाआड बसले होते. आजीसमोर जायचं माझं तोंड नव्हतं. तेवढ्यात आवाज आला. कातरी घरी राहिली होती, म्हणून आजी जेवणाच्या डब्यावर बोटाच्या पेरानं वाजवत होती. तीन वेळा टकटक. मी गेले. तिच्या मांडीत डोकं खुपसून जे रडले, ते सगळ्या बागेला ऐकू गेलं असेल. तिनं मला गप्प केलं नाही.

मग तिनं विचारलं, ‘किती डाव म्हटलं तू?’

‘तीन.’

‘मी एकवीस वर्षं म्हटलं. दर वर्षी तीनदा.’ तिनं बोटांवर मोजायचं सोडून दिलं. ‘तूच कर.’

‘त्रेसष्ट,’ मी म्हटलं.

‘मंग साठ राह्यले,’ आजी म्हणाली.

पुढच्या वर्षी मी बाबांबरोबर बसनं गेले, त्याच्या पुढच्या वर्षीही. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं, की संक्रांतीनंतरचा रविवार माझा, त्यात बोलायचं काम नाही. पहिली काही वर्षं ढेकळं आली, मग नुसत्या शिव्या, मग लोक पाठ फिरवून उभे राहू लागले. आजी त्यातली चारच वर्षं पाहून गेली. वीस वर्षांत साठ पुरे झाले, त्यालाही आता कितीतरी वर्षं लोटली. बुरुजापाशी हल्ली एक पाटी आहे आणि तिच्यावर ‘स्वखुशीने बलिदान’ असं रंगवलेलं आहे. म्हणून मी अजून जाते. आता माझाही गळा बसत चालला आहे, तेव्हा गेल्या वेळी नातीला सोबत नेलं. घरी तिची आई तिला सारखी बजावते, हळू बोल, हळू बोल. मी नाही बजावत.